दमलेली बॅटरी आणि रामधन राठोड

७ सप्टेंबर २०१३ रोजी रामधन राठोडने माझ्याकडून रुपये ६८५ नेले. पोळा नुकताच झाला होता. पैसे कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "अनंतभाऊ, नागपूरले एक लहानसा कॉम्प्युटर भेटते. काडीपेटीएवढा. मायक्रोकंट्रोलर म्हणते त्याले. सांगू ते मोजते तो."

"तू काय मोजणार आहेस?"

"बोटीची बॅटरी."

रामधन दहावी नापास, आयटीआय पास. दिग्रसच्या बसस्टँडमागे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं आणि मोटर वाइंडिंगचं दुकान. मी जिनिंगमध्ये गोदाम आणि हिशेब सांभाळतो. आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दुरुस्ती त्याच्याकडे असे. पण त्या वर्षांत कापूस पिकला तर भाव नसे, आणि भाव असला तर कापूस नसे. जिनिंग जेमतेम तीन महिने चाले. काटा बंद म्हणजे रामधन रिकामा, आणि रिकामा रामधन घरच्यांना परवडत नसे. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं एक यंत्र त्याने घरात बसवलं होतं. चार शिट्ट्या झाल्या की ते घंटा वाजवी. घर रस्त्याला लागून असल्यामुळे एसटीचे हॉर्नही ते शिट्टीतच धरी. पुसद गाडीच्या वेळेला डाळ हमखास कच्ची उतरे. मग त्याची बायको सुखीबाई पहिलं ताट त्या यंत्रापुढे ठेवी आणि म्हणे, "घे, तूच खाय."

बोटीचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीला डिझेल परवडेनासं झालं होतं. रामधनने स्वतःहून त्यांचं जुनं डिझेल इंजिन घेतलं आणि बदल्यात बोटीला विजेची मोटर आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या बसवून दिल्या. मासेमारीच्या फेरीत बोट दोनदा भर पाण्यात थांबली. दुसऱ्या वेळी किनाऱ्याला लागेपर्यंत बर्फ वितळलं आणि मासळी फेकावी लागली. सोसायटीने निरोप धाडला: दिवाळीपर्यंत आणखी एका फेरीत बंद पडली तर तुझी मोटर तुला, आमचं इंजिन आम्हाला. इंजिन रामधनने आर्णीकडच्या एका शेतकऱ्याला केव्हाच विकलं होतं आणि त्या पैशाचे पत्रे घरावर चढवले होते. तिसऱ्यांदा बंद म्हणजे पत्रे खाली.

"बॅटरी मरते त्याचं काही नाई," तो मला म्हणाला. "मरायच्या आंधी सांगत नाई, याचा राग हाय."

बारा दिवसांत यंत्र तयार झालं. पाणी शिरू नये म्हणून त्याने ते सुखीबाईच्या स्टीलच्या डब्यात बसवलं आणि झाकण कापून आकड्यांना खिडकी केली. भरलेली बॅटरी म्हणजे शंभर. तीसवर आली की परत फिरायचं. नावाडी देवरावला त्याने हे तीन वेळा पढवलं.

आठवड्याने देवराव स्वतः दुकानात आला. मी तिथेच होतो.

"रामधनभाऊ, तुमची बॅटरी दमते."

"दमते म्हंजे?"

"चालून राह्यली का आकडा उतरते. पार तीसवर येते. मंग मी मोटर बंद करतो, एक बिडी ओढतो. आकडा साठवर! बैलावानीच हाय. इसावा देल्ला का पुन्हा ओढते."

रामधन खुर्चीतून उठला. "पाह्यलं, अनंतभाऊ? चार्जिंगबिगर भरते!"

मला हे पटलं नाही. पण माझं शिक्षण बी.कॉम.पर्यंत; विजेत मी तोंड घालत नाही.

रविवारी आम्ही तिघं खात्री करायला बोटीतून निघालो. देवराव थोड्या थोड्या वेळाने मोटर थांबवी आणि बॅटऱ्यांवर ओला दुपट्टा टाकी.

"बैलाला करतात तशी हळद-लोणी लावून खांदेमळणीही करून टाक," मी म्हणालो.

"ते पोळ्याच्या आदल्या दिवशी, साहेब," तो गंभीरपणे म्हणाला.

पहिल्या विसाव्याला आकडा साठवर चढला, दुसऱ्याला बावन्नवर, तिसऱ्याला एक्केचाळीसवर. चौथ्या विसाव्यानंतर मोटर सुरूच झाली नाही. डब्यावर आकडा होता अडतीस. दोन्ही किनारे सारखेच लांब.

"तिसऱ्यांदा," रामधन म्हणाला. "गेले पत्रे."

देवरावने जरा विचार केला. "बोटीत जाळं हाय?"

"नाई."

"मासोळी?"

"नाई."

"मंग हे बंद पडणं नोय. आपण फिराले आलतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही लिखापढीवाले. बराबर हाय ना?"

सोसायटीची अट मासेमारीच्या फेरीपुरती होती. मी म्हणालो, बरोबर आहे. आजही माझं तेच मत आहे.

वल्हं रामधनच्या हातात आलं. तो दमेपर्यंत मी थांबलो आणि मग बोललो. "गोदामात कापसाचा ढीग नुसता पाहून मी वजन लिहिलं, तर मालक मला घरी पाठवेल. दाबलेला ढीग गड्यांनी मोकळा केला की हातभर उंच दिसतो. म्हणून कापूस वाढतो का? आवक किती, जावक किती, तेवढंच खरं. तुझं यंत्र ढीग पाहतंय."

रामधनचं वल्हं पाण्याबाहेर तसंच राहिलं. बोट गोल फिरू लागली.

"भाऊ, इचार किनाऱ्यावर करजा," देवराव म्हणाला.

त्याचं यंत्र व्होल्टेज, म्हणजे नुसता विजेचा दाब, पाहत होतं. मोटर ओढू लागली की ते खाली बसे, थांबली की वर येई. बॅटरीत भर काहीच पडत नसे. आता त्याने बॅटरी आणि मोटरच्या मध्ये जाड तारेचा एक तुकडा घातला. त्यातून बाहेर जाणारा करंट यंत्र मोजी आणि सेकंदासेकंदाला शिल्लकेतून वजा करी.

देवरावला हे यंत्र आवडलं नाही. "लय खडूस हाय. दोन बिड्या ओढल्या, एक आकडा देल्ला नाई."

"आवक नाई, तर कुठून देईल?" रामधन म्हणाला. वाक्य माझं होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सोसायटीची माणसं स्वतः फेरीला बोटीत बसली. आकडा चोपन्नवर येताच देवरावने बोट वळवली.

"अजून चोपन्न हाय ना! काहून फिरला?" एक सभासद ओरडला.

"अर्धी जायले, अर्धी यायले. वरचे चार तुमच्या वजनाचे."

किनाऱ्याला लागताना आकडा नऊ होता. बर्फ शाबूत होतं. दिवाळी गेली, इंजिनाचं नाव कुणी काढलं नाही. पत्रे घरावर आहेत.

देवराव अजूनही भर पाण्यात मोटर थांबवतो. "आता कायले थांबतो?" असं रामधनने विचारलं, तर म्हणाला, "बॅटरीले नाई, भाऊ. मले."

रामधनने रुपये ५५० परत केले. रुपये १३५ येणे आहेत.