कटऑफ ताईंनी सोडलेली बोट

लग्नाची पत्रिका हातात आली की माणसं आधी नवरा-नवरीची नावं वाचतात. आमच्या ताई थेट मुहूर्तावर बोट ठेवायच्या आणि पत्रिका घेऊन आलेल्या बापाला विचारायच्या, "हा ईटीए आहे की कटऑफ?" त्या बिचाऱ्याला काय कळणार! ईटीए म्हणजे बोट बंदराला लागण्याची अंदाजे वेळ; ती पुढेमागे होते आणि कुणी कुणाला जाब विचारत नाही. कटऑफ म्हणजे बंदराचं गेट बंद होण्याची वेळ. ती टळली की कंटेनर बाहेर आणि बोट पाण्यात. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त हा ईटीएच असतो, नवरदेव अजून मारुतीच्या पारापाशी मिरवत असतो, हे ताईंना चांगलं ठाऊक होतं. तरी त्या वेळेआधी मांडवात हजर असायच्या, रिकाम्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत, एकट्या, पर्स मांडीवर घेऊन. म्हणून त्यांना सगळे कटऑफ ताई म्हणायचे. खरं नाव सुलभा, पण त्या नावाने हाक मारणारं त्यांच्या अण्णांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

आमचं ऑफिस द्वारका चौकाजवळ, एका टायरच्या दुकानाच्या वर. नाशिकला समुद्र नाही हे मला नोकरी लागेपर्यंत कधी खुपलं नव्हतं. पण इथली द्राक्षं आणि कांदा परदेशी पोचवणं हा आमचा धंदा, आणि त्यातले निम्मे शब्द खाऱ्या पाण्याचे. बी.कॉम. झाल्या झाल्या मी तिथे चिकटले. पहिल्याच दिवशी फोनवर कुणीतरी ओरडलं, "मॅडम, बॉक्स रोल झाला!" घाटात कंटेनर उलटला असं समजून मी रडवेली होऊन ताईंकडे धावले. "उलटला नाही गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "या बोटीत जागा मिळाली नाही, म्हणून पुढच्या बोटीवर ढकलला. त्याला रोल होणं म्हणतात. वाईटच असतं, पण मरत कुणी नाही. पाणी पी."

शेतकऱ्यांना शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. जाडजूड शब्द आधी तसाच समोर टाकायचा, माणसाचा चेहरा पडू द्यायचा आणि मग हसत हसत त्याला सोडवायचं. "एफओबी म्हणजे काय? डेअरीला दूध घालता ना? कॅनमध्ये ओतेपर्यंत दूध तुमचं. ओतलं की त्यांचं, मग नासो नाहीतर सांडो. आपला कॅन म्हणजे बोट." समोरचा विचारायचा, "आन् सीआयएफ?" "त्यात पुढच्या टेम्पोचं भाडं आणि विमाही तुम्हीच भरायचा. पण कॅनमध्ये पडल्यावर नासलं तर नासलं त्यांचंच." "आसं व्हय!" म्हणून माणूस खूश होऊन उठायचा. परतीच्या एसटीत तो शेजारच्याला हेच समजावत गेला असणार, याबद्दल मला शंका नाही.

ताई मूळच्या मनमाडच्या, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. वडील मालधक्क्यावर नोकरीला होते. त्यामुळे वाटेत एका बोटीतून दुसऱ्या बोटीत माल चढवायचा प्रकार, म्हणजे ट्रान्सशिपमेंट, त्या एका वाक्यात सांगायच्या: "मनमाडला गाडी बदलणं. सामान उतरतं, माणूस फलाटावर ताटकळतो आणि पुढची गाडी हमखास लेट असते." लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "स्पेस मिळाली नाही." आणि पुढच्या कागदाकडे वळायच्या. सिडकोतल्या घरात त्या आणि थकलेले अण्णा, दोघंच. दुपारी फोन लावून विचारायच्या, "अण्णा, जेवण क्लीन?" मालावर तक्रारीचा शेरा नसला की आमच्याकडे त्याला क्लीन म्हणतात. ताटात काही टाकलं असेल तर संध्याकाळपर्यंत आमची धडगत नसे.

हो, रागीट होत्याच. ट्रेलरचे ड्रायव्हर त्यांचा फोन आला की ढाब्यावरचा घास खाली ठेवायचे. कागदाच्या बाबतीत तर त्या देवालाही सवलत देत नसत. "मालाबरोबर जे जातं ते कागदावर असतं. कागदावर नाही ते जात नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते स्वप्नात ऐकू यायचं. कंटेनर भरताना काढलेले फोटो आमच्याकडे मोबाइलवर येत. बाकी सगळे ते फोटो आले की 'ओके' लिहून मोकळे व्हायचे. ताई मात्र चष्मा कपाळावर चढवून, दोन बोटांनी एकेक फोटो ताणून, स्थळाचा फोटो बघावा तसा निरखायच्या. आम्ही पाठीमागे हसायचो.

गेल्या हंगामात दिंडोरीकडच्या एका गावातल्या बागायतदारांनी गट केला होता. आजवर माल बागेतच व्यापाऱ्याला देणारी ही माणसं पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने हॉलंडला द्राक्षं पाठवत होती. तिथल्या खरेदीदाराने साफ सांगितलं होतं, पहिला कंटेनर नीट आला तर पुढचा मालही घेतो, नाहीतर राम राम. गटातले निम्मे लोक तर आधीपासूनच व्यापाऱ्याकडे परतायला टेकले होते. ते कंटेनरला डबा म्हणत. हा पहिला डबा फसला असता तर गट तिथेच मोडला असता. गटाचा प्रमुख रामदास फोनवर दर वेळी एकच विचारायचा, "ताई, जाईल ना नीट?" ताई म्हणायच्या, "जाईल. तू फक्त मधे मधे बोलू नकोस."

डबा भरला, शून्य अंशावर थंड केला, दाराला सील लागलं आणि गाडी न्हावाशेवा बंदराच्या वाटेला लागली. त्याआधी गावाने हौसेने पूजा केली होती, नारळ फोडला होता, पेढे वाटले होते. इकडे ऑफिसात ताई फोटो ताणत बसल्या होत्या. शेवटच्या फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं. दार लावण्याआधीचा फोटो तो. द्राक्षाच्या पेट्यांची भिंत, आणि तिच्यापुढच्या दांडीला, आतल्या बाजूने, झेंडूचा हार, आंब्याचे डहाळे आणि लिंबू-मिरची.

ताईंनी रामदासला फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे मागून त्याची आई अनसाबाई बोललेलीही आम्हाला ऐकू आली. बाग खरी तिनेच वाढवलेली. घड विरळ करायला तिच्या हाताची बाई त्या पंचक्रोशीत नाही. "म्याच बांधली," ती कौतुकाने सांगत होती. "भाईर बांधली आस्ती तर घाटात वाऱ्यानं उडून नसती का गेली? आत ऱ्हाईल, थेट सायबाच्या दारापोत्तर जाईल."

आमचे मालक केबिनमधून बाहेर आले. "जाऊ द्या हो. चार पानं आणि एक लिंबू." ताई म्हणाल्या, "शेठ, तिकडचा इन्स्पेक्टर दार उघडेल तेव्हा त्याला पहिली मिरचीच दिसेल. द्राक्षं तिच्या मागे आहेत." बाहेरच्या देशात कागदावर न दाखवलेलं ताजं पान नेणं हा गुन्हा. त्यापायी सगळा माल अडकवतात, वेळ पडली तर नष्टही करतात. मालकांचंही खोटं नव्हतं. सील तोडायचं म्हणजे नवा सील नंबर, तो सगळ्या कागदांवर, कस्टमला कळवणं, रोगमुक्तीचा दाखला दुरुस्त करून घेणं. तेवढ्यात गेट बंद होणार. हल्ली बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात, प्रवास आधीच लांबलाय, त्यात आठवडा वाढला तर द्राक्षं पोचताना काय अवस्थेत असतील कोण सांगणार? "तपासणीत सगळेच डबे उघडत नाहीत," मालक म्हणाले. "निघेल तसाच."

ताईंनी सरळ ड्रायव्हरला फोन लावला. "घोटी सोडली? घाट उतरायचा नाही. इगतपुरीला गाडी बाजूला घ्या. थंडाव्याचं मशीन मात्र चालू ठेवा." आणि रामदासला सांगितलं, "आईंना घेऊन ये. ज्यांनी बांधली त्याच सोडवतील."

ताई आणि मी पोचलो तेव्हा इगतपुरीच्या वाऱ्याने अंगावर काटा येत होता. अनसाबाई जीपमध्ये डोक्यावरून पदर घेऊन रडत बसली होती. वाटेत लेकाने तिला नको नको ते ऐकवलं होतं, आणि आमच्यादेखत पुन्हा तोंड सोडलं. ताईंनी त्याला तिथेच झापलं. "रामदास, हार घालणं चुकीचं नाही. जागा चुकली, एवढंच. आईवर ओरडायचं असेल तर घरी जाऊनसुद्धा ओरडायचं नाही." सील तोडलं, दार जरासं उघडलं. अनसाबाईने हार, डहाळे, लिंबू-मिरची एकेक करून सोडवली, पडलेल्या पाकळ्यासुद्धा पदरात वेचून घेतल्या. ताईंनी ते सगळं तिच्याच हाताने ट्रेलरच्या तोंडाला बांधून घेतलं. "यांना परदेशी जायची परवानगी नाही हो. घाट सुखरूप उतरवून देतील, तेवढं पुष्कळ झालं." बाई डोळे पुसत हसली. मलाच रडू आलं.

नवं सील लागून कागद दुरुस्त होईपर्यंत संध्याकाळ झाली आणि गेट बंद झालं. डबा पुढच्या बोटीवर गेला. जिची सगळी कारकीर्द कटऑफवर उभी होती तिने जाणूनबुजून बोट सोडली. परतताना ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या गावात गेल्या. देवळापुढे गट जमला होता. "सील मी तोडायला लावलं. बोट माझ्यामुळे गेली. बोलायचं ते मला बोला," एवढंच त्या म्हणाल्या. कुणी काही बोलायच्या आत बायकांमधून अनसाबाई उभी राहिली. "ताई लपवत्यात. हार म्या बांधला व्हता, डब्याच्या आत." गाव थक्क झालं. मग एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "ह्या दोघी खरं बोलायल्यात, मंग आपुन कामून पळायचं? डबा पोचू द्या. माझी उशिरा छाटलेली बाग हाय, माल मागून येईल, तवर मी थांबतो." त्यांच्यामागून एकेक जण थांबायला तयार झाला.

ऑफिसात मात्र निराळं झालं. मालक म्हणाले, "पुढच्या वेळी मला विचारल्याशिवाय गाडी थांबवायची नाही." ताई शांतपणे म्हणाल्या, "मग पुढची वेळ माझ्याकडून नको." टेबलावरचा पाण्याचा तांब्या आणि देवाचा फोटो पिशवीत घातला आणि त्या गेल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली, आणि पहिले कित्येक दिवस मी तिच्यात अवघडून बसत होते. रोज सकाळी बोट कुठवर आली ते मी त्यांना मोबाइलवर कळवायची. त्यांचं उत्तर एकच यायचं: "बरं." त्या 'बरं'मध्ये किती काळजी होती ते मला कळत होतं. नोकरी गेली होती आणि आपण बरोबर होतो की नाही हे अजून समुद्रातच होतं.

शेवटी हॉलंडहून मेल आला. मी सुट्टी टाकली, ताईंना सिडकोतून उचललं आणि दोघी गावाला गेलो. तिथे मेल मीच वाचून दाखवला. दार उघडल्याबरोबर तपासणी झाली होती, आत नोंदीबाहेरचं काही सापडलं नव्हतं, काड्या हिरव्या होत्या, मणी कडक होते. उशिराचं कारण ताईंनी आधीच खरेदीदाराला खरं खरं कळवलं होतं. त्यावर त्याने लिहिलं होतं, अशा लोकांबरोबर मला काम करायला आवडेल, उरलेला माल पाठवा. रामदासने मला मेल पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, "ताई, गटाचे कागद आता तुम्हीच बघा. ऑफिस म्हणून पेट्या भरतो त्या पॅकहाउसमधली खोली हाय फक्त. चालंल का?"

ताई खाली फरशीकडे बघत राहिल्या. तेव्हा अनसाबाई त्यांच्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "ताई, पुढचा डबा कदी भरायचा?"

ताईंनी ओढणीने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि त्यांच्या नेहमीच्या, ड्रायव्हरला घाबरवणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "बुधवारी. आणि मी आल्याशिवाय पूजा उरकायची नाही."