तणाचं औषध कुठे टाकायचं

माझे यजमान उसाच्या मळ्यावर तण मारायचं औषध फवारायचे. समुद्रापारच्या या बेटावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्याचे मराठी; कार्तिए मिलितेर गावाच्या पलीकडे आमचं गाव. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. उरलेलं औषध ते एका डब्यात घालून घरी आणत, अंगणातल्या गवतासाठी. मुलगी रांगायला लागली आणि एकदा तिने त्या डब्याच्या झाकणाला हात घातला. मी म्हटलं, "हे घरात नको."

"मग दे टाकून. पण जपून," एवढं बोलून ते कामाला गेले.

जपून म्हणजे कसं, ते त्यांनाही माहीत नसावं. सासूबाई म्हणाल्या, "पूर गो परसात." पण परसातली ब्रेदची पालेभाजी रोज आमच्या ताटात. संडासाच्या खड्ड्यात ओतावं तर विहीर जवळ. जाळावं तर तो धूर कुणाच्या छातीत जाईल? डबा मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत राहिले.

त्याच आठवड्यात गणपती गेले. निर्माल्याची टोपली नदीवर न्यायचं काम माझं. आमच्यात जे पायाखाली येऊ नये, केरात जाऊ नये, ते वाहत्या पाण्यात सोडतात. मला वाटलं, हेही त्यातलंच. फुलांखाली डबा ठेवून निघाले. काठावर झाकण निघेना. दगडाने ठोकलं तसं ते एकदम उडालं आणि निम्मं औषध गवतावर सांडलं. उरलेलं पाण्यात ओतलं, मागोमाग फुलं सोडली आणि सवयीने हात जोडले. कशाला जोडले, आजही सांगता येत नाही.

त्या काठावर शेजारची चाची गवत कापायची. भोजपुरी घरातली विधवा; एका गाईच्या दुधावर तिचं चालायचं, आणि माझ्या मुलीचं दूधही तिच्याकडूनच यायचं. आमचं बोलणं अर्धं भोजपुरी, अर्धं क्रेओल, म्हणजे बेटावरची बोली; इथे मराठीत लिहिते. ती तिथे गवत कापते हे मला ठाऊक होतं. त्या वेळी डोक्यात आलंच नाही, की आलं आणि मी बाजूला सारलं? खरंच कळत नाही.

दोन-तीन दिवसांत गाय मेली. चाचीच्या अंगणात बायका जमल्या.

"सकाळी चांगली उभी होती! गवत खाल्लं आणि बसली ती बसलीच."

"पोट फुगलं असेल, चाची," मी म्हटलं.

"तू कधी झालीस गुरांची डॉक्टर?" रडता रडता ती माझ्यावर उखडली. "माझ्या दिराची नजर आहे ही. बांधावरून भांडला ना परवा!"

सासूबाईंनी मान डोलावली. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. नंतर नदीवर जाऊन पाहिलं. काठाचं गवत पिवळं पडलेलं, मधला पट्टा कापून नेलेला. तरी मनाला विचारत राहिले, एवढ्याने गाय मरते? मग मासे कसे वर आले नाहीत? का खरंच पोट फुगलं? विचारायचं तरी कुणाला? विचारलं की सांगणं आलं.

चाचीने दिराशी बोलणं टाकलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही त्याला बोलावलं नाही. एकदा त्याने मला रस्त्यात गाठलं. "तुम्ही शेजारी राहता. मी काय केलं, सांगा तरी."

"मला काय ठाऊक?" मी म्हटलं. बाकी सगळ्यात माझा गोंधळ असेल. हे खोटं मात्र मी पूर्ण शुद्धीवर बोलले.

माझी मुलगी आता शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात कळलं, चाचीच्या दिराने अंथरूण धरलंय. तेव्हा मी चाचीकडे गेले. चाची तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं.

"औषध? गवतावर?" मग बराच वेळ ती खडेच शोधत राहिली.

"पण चाची, त्यानेच मेली की नाही, मला अजून..."

"गाईचं राहू दे." तिने सूप खाली ठेवलं. "त्याला ऐकू कमी येतं. मोठ्याने सांगावं लागेल. ऊठ."

ती पुढे, मी मागे. त्याच्या दारात पोचलो. नजर, बांध, डबा, सुरुवात कुठून करायची?

आतून त्याने विचारलं, "कोण आहे?"

"भौजी आहे तुझी, भावजय," चाची म्हणाली, आणि मला पुढे ढकललं.

मी त्याच्या खाटेजवळ वाकले आणि मोठ्याने बोलायला लागले.