फोटोबाईंचा कॅमेरा

माझ्या सीसीटीव्हीच्या दुकानाची पायरी चढणारा माणूस घाबरलेलाच असतो. कुणाची सायकल गेलेली असते, कुणाचा घरकाम करणाऱ्या बाईवर संशय असतो, कुणाचा सख्ख्या भावावर. मी सगळ्यांचं नीट ऐकून घेतो. भीती जितकी मोठी तितका रेकॉर्डर मोठा खपतो, आणि मी काही इथे धर्मादाय संस्था उघडून बसलेलो नाही. फोटोबाई आल्या तेव्हा मात्र त्यांना कशाचीच भीती नव्हती. हातात फोन, फोनवर परदेशातल्या मुलाचा मेसेज, आणि घरी पाहुणे यायचे असावेत तशी अंगात लगबग.

फोटोबाई हे नाव आमच्या भागाने ठेवलेलं. मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. इथे जो म्हणून कधी जिन्यावरून पडला, गाडीवरून घसरला, झाडावरून खाली आला, तो त्यांच्या हाताखालून गेलाच. "हलू नका. श्वास रोखा," असं त्या अशा काही आवाजात म्हणायच्या की कण्हणारा माणूससुद्धा कण्हायचा थांबायचा. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा मीही थांबलो होतो. बाकी बाई गोड. पण माणसाकडे बघताना त्या कातडीच्या आत बघतायत असं वाटायचं, आणि ते खरंच असायचं. दुकानात शिरल्या शिरल्या मला म्हणाल्या, "मान जपा हं. एका खांद्यावर फोन धरून बोलता तुम्ही."

मुलाने लिहून पाठवलं होतं: आठ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, चार कॅमेरे, रात्रीही रंगीत दिसणारे, सगळ्यात मोठी डिस्क.

"घर केवढं आहे, बाई?"

"दोन खोल्या. आणि गॅलरी, कपडे वाळत घालण्यापुरती."

"मग एवढे कॅमेरे काय, टॉवेलवर पहारा करायला?"

त्या खळखळून हसल्या. आठवाला रेकॉर्डर मी बिनदिक्कत खपवला असता, पण जिने आपलं हाड बघितलंय तिला टोपी घालायचा धीर होईना. म्हटलं, चारचा रेकॉर्डर पुरे, कॅमेरे दोनच घ्या, एक दारावर, एक आत, दोन्ही वायरवाले. एकाच वायरीतून वीजही जाते आणि चित्रही येतं, भिंतीला भोकं कमी पडतात. इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डर घरातल्या घरात साठवत राहतो. रात्रीच्या रंगांचं कौतुक सोडून द्या, चोर काळापांढरा दिसला तरी चोरच. डिस्कमध्ये मात्र काटकसर नको, स्वस्तातली डिस्क ऐन वेळी मान टाकते. आणि खोक्यावर छापून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर उचापती लोक तुमच्या स्वयंपाकघरात डोकावतील.

सगळं त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं एकच. "यातून बोलता येतं का? म्हणजे तो तिकडून बोलला, तर मला इकडे ऐकू येईल?"

"येईल की. पण त्याला माइक आणि स्पीकर असलेला घ्यावा लागतो. थोडा महाग पडतो."

"मग दारावरचा नको. त्याऐवजी बैठकीच्या खोलीत बोलणारा लावा आणि स्वयंपाकघरात साधा."

"अहो बाई, चोर दारातून येतो."

"येऊ दे की. कुणीतरी येईल."

हे त्या गमतीत म्हणाल्या आणि मीही गमतीतच घेतलं.

कॅमेरे लावायला मी स्वतः गेलो. घर इतकं आवरलेलं की कुठे पाऊल ठेवावं कळेना. बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी एक आरामखुर्ची, शेजारी फोन ठेवायला स्टूल. दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली, वर घडी केलेल्या चादरींची चळत. तिच्यावर कुणी बसत नाही हे न सांगता कळत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला ऊन अडवायला त्यांनी वाया गेलेल्या एक्स-रेच्या काचा... काचा कसल्या, फिल्मच त्या, चिकटपट्टीने लावल्या होत्या. कुणाचा तरी गुडघा, कुणाच्या तरी फासळ्या. "हे सगळे हललेले," त्या म्हणाल्या. "परत काढावे लागले."

बैठकीतला कॅमेरा मी आरामखुर्चीवर रोखला, मुलाची तशीच सूचना होती. मग म्हटलं, समोर उभ्या राहा जरा, तपासून बघू. त्या उभ्या राहिल्या. हनुवटी वर, खांदे मागे, हात बाजूला. श्वाससुद्धा रोखलेला. तपासणीपुरत्या जोडलेल्या माझ्या फोनवर काहीच येईना.

"हला की, बाई!"

"हलू? फोटो बिघडेल ना."

त्यांना समजावून सांगितलं. हा कॅमेरा समोर काही हललं तरच टिपतो आणि मुलाच्या फोनवर कळवतो, नाहीतर डिस्क फुकट भरायची. त्यांनी हात हलवला आणि माझा फोन टुणकन वाजला. "आमच्यापेक्षा उलटंच की," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हलला तो वाया गेला."

तेवढ्यात कॅमेऱ्यातून मुलाचा आवाज आला, "आई, दिसलीस गं! अगदी स्वच्छ दिसतेस." फोटोबाईंनी केस सारखे केले, छताजवळच्या त्या डबीकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "जेवलास का?" मी वायरींचं भेंडोळं आवरायच्या निमित्ताने गॅलरीत गेलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या दुकानात उगवल्या, त्या एक अजब मागणी घेऊन.

"यापेक्षा वाईट कॅमेरा आहे का तुमच्याकडे?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. गिऱ्हाईक स्वस्त मागतं, मोठा मागतं, उधारीवर मागतं. वाईट कुणी मागितला नव्हता.

"म्हणजे कसा?"

"जरा धूसर. मी आहे एवढं कळावं, पण कशी आहे ते कळू नये."

मी हसायला तोंड उघडलं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत, उभ्या उभ्याच सांगायला लागल्या. मुलगा तिकडे गेल्यापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा काय म्हणतोय. तेच प्रश्न, त्यांची तीच उत्तरं, शिळ्या कढीला ऊत. "पण मी दुपारपासून मनात जमवून ठेवायची, आज त्याला काय सांगायचं ते. खालच्या मजल्यावरची भांडली, गॅलरीत मांजर व्यायलं, असलंच काहीतरी. गुडघ्यानंतर ते सांगायचं."

"आणि आता?"

"आता फोन नाही, नुसता मेसेज. म्हणतो, दिसतेसच की. गोळीची डबी उघडलीस तेही दिसलं. चालताना पाय ओढत नाहीस तेही दिसलं. सगळं दिसल्यावर विचारणार काय तो? आणि त्याने विचारलं नाही तर मांजराचं मी सांगू कधी?"

बोलायचा स्पीकर त्याने त्या पहिल्या दिवसानंतर एकदाच वापरला होता. पातेलं करपत होतं, तो तिकडून ओरडला, "आई, गॅस!" या दचकल्या, हातातली वाटी फुटली. नंतर तो म्हणाला, नको गं, तू घाबरतेस, त्यापेक्षा मी नुसता बघत जाईन. पोरगं वाईट नव्हतं हो. वाईट असतं तर मला रागावायला तरी सोपं गेलं असतं. त्याला आईची काळजी होती, म्हणून त्याने काळजी मिटवायचं यंत्र घेऊन दिलं, आणि काळजी मिटली.

"धूसर माल मी ठेवत नाही," मी म्हटलं. "एखादं फडकं टाका कॅमेऱ्यावर. बघा कसा झक मारत फोन करतो."

"छे. ती लबाडी झाली," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं, पुन्हा आल्या तेव्हा. लबाडी त्यांना करायची नव्हती. पण आपण नुसतं बसलो, हललोच नाही, तर त्यात लबाडी कुठे आली? मुलाच्या फोनवर काही येणार नाही. मग तो चरकेल. आई उठत का नाही, फिरत का नाही, म्हणून फोन करेल. आणि न हलता राहणं या बाबतीत त्यांचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना तेच शिकवलं होतं.

आदल्या दिवशी दुपारचं जेवण उरकून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. फोन स्टुलावर, हाताशी. पाणीसुद्धा जवळ घेतलं नाही, कारण ते प्यायला हात उचलावा लागला असता. नाकावर माशी बसली, बसू दिली. कुणीतरी बेल वाजवली, दोनदा वाजवली, आणि निघून गेलं. "कोण होतं कोण जाणे," त्या मला म्हणाल्या, "एरवी बेल वाजायची मी वाट बघते." गुडघा आधी दुखला, मग बधिर झाला. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत सरकत छताला लागलं आणि संपलं. खोलीत अंधारून आलं तसा कॅमेरा आपणहून रात्रीच्या डोळ्यावर गेला, त्याचे बारीक लाल ठिपके पेटले. त्या ठिपक्यांकडे बघत त्या बसून होत्या, आणि तेव्हा फोन वाजला. रिंग नव्हे. मेसेजची टिणटिण.

तो मेसेज त्यांनी माझ्यापुढे धरला. चष्मा असूनही मला वाचायला लावला, बहुधा आपण चुकीचं वाचलं असेल अशी आशा असावी. मुलाने त्याच्या फोनवर आलेली सूचना जशीच्या तशी पुढे पाठवली होती. वर बाईंचा खुर्चीतला फोटो, अगदी स्वच्छ, तसूभरही न हललेला. खाली लिहिलेलं: "दुपारपासून कोणतीही हालचाल नाही. आपले घर सुरक्षित आहे." आणि त्याखाली मुलाचं एवढंच: "वा आई, मस्त आराम!" आणि एक अंगठा.

म्हटलं, "बाई, ही वस्तू चोरासाठी केलेली आहे. हललं की धोका, नाही हललं की सुखरूप, एवढीच तिची अक्कल. ही ओळ कारखान्यातूनच तशी येते."

"म्हणजे मी मेले असते तरी अंगठाच आला असता."

"असं बोलू नका."

"बोलू नका कसं? बोलायलाच तर आलेय."

आता मात्र माझा पारा चढला. त्यांच्यावर, त्याच्यावर, माझ्या मागे फळीवर रांगेने मांडलेल्या त्या बिनपापणीच्या डोळ्यांवर. म्हटलं, "हे आडून आडून काय चाललंय तुमचं? पोटचा पोर आहे ना? सरळ सांगा त्याला, करमत नाही, फोन करत जा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, इथे आईनेच रडायचं आहे, रडा की!"

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "खरंय तुमचं," आणि माझ्यासमोरच त्याला फोन लावला. कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची पिपाणी चालू होती. तिकडे सकाळ असावी.

"आई? काय गं, काही झालं का?"

"नाही रे. सहज केला. जरा बोलायचं होतं."

"अगं मी निघतोय कामाला. पण तू अजिबात काळजी करू नकोस, माझं लक्ष असतं तुझ्यावर. हे काय, आत्ता फोन उघडून बघतोच आहे. दिसतेस की. खिडकीपाशी, खुर्चीत. छान बसली आहेस."

फोटोबाई माझ्या काउंटरपाशी उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, पायात चपला, मागे ट्रकची पिपाणी. तो कालचा फोटो बघत होता. मी हातवारे केले, सांगा, सांगा त्याला, कुठे आहात ते सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "खुर्चीतच बसलेय."

"मग बस निवांत. उठू नकोस," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.