पाळणाघर बंद करणारी माझी सही

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला शहाणा माणूस तयार होत नाही. मी झालो, कारण त्या सभेला मी उशिरा पोचलो आणि तोवर माझं नाव सुचवून, अनुमोदन देऊन लोक चहाला लागले होते. पण शिक्का हातात आला आणि मी बिघडलो. घरी किराणाची यादीसुद्धा मी विषय आणि संदर्भ घालून लिहायला लागलो.

जोगेश्वरी पूर्वेला, जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली आमची सात मजल्यांची इमारत. सातव्यावर एकाने झुंबाचा क्लास काढला होता. खालच्यांचे पंखे हलायचे. कमिटीने ठरवलं, नोटीस काढा. मी दुसऱ्या एका सोसायटीची तयार नोटीस मागवली, नाव बदललं, सही ठोकली, शिक्का मारला आणि लिफ्टमध्ये चिकटवून प्रत्येक पेटीत एकेक प्रत टाकली. वाचली का? पहिली ओळ वाचली आणि शेवटची. शेवटी माझं नाव होतं ना.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी बायको आमच्या सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन घरात आली. दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत बाटली, दुपटी, खुळखुळा, सगळं नीट घडी घालून परत दिलेलं.

"बाई सोमवारपासून बंद करतायत," ती म्हणाली. "तुझी सही आहे खाली."

मधली ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. शिकवणी, नृत्यवर्ग, खानावळ, पाळणाघर यांना सदनिकेत सक्त मनाई.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे मागच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या जुन्या सेविका. निवृत्तीनंतर घरीच सात मुलं सांभाळायच्या. आमची मुलगी आठवडाभर तिथे सवय करून घेत होती, कारण सोमवारी बायकोची रजा संपत होती. तिच्या खुर्चीवर सहा महिने एक नवी मुलगी बसत होती आणि साहेबांनी आडून सुचवलं होतं की सोमवारी तुम्ही आला नाहीत, तर तिलाच कायम करू. मध्ये दोन दिवस होते.

तसाच दुसऱ्या मजल्यावर धावलो. म्हटलं, बाई, चूक झाली, ती नोटीस तुमच्यासाठी नव्हती, समजा आलीच नाही. बाईंनी फाईल उघडली. नोटीस पंच करून लावलेली, वर पोचल्याची तारीख.

"सही तुमचीच ना ही?"

"हो, पण मी तोंडी सांगतोय ना."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, एकदा साहेबाच्या तोंडी सांगण्यावरून शेजारच्या अंगणवाडीला वजनकाटा दिला होता. साहेबाची बदली झाली, काटा आला नाही आणि त्या तीन वर्षं खुलासे लिहीत बसल्या. "शिक्क्याचा कागद शिक्क्याच्या कागदानेच मागे घेतात."

शिक्का माझ्याच खिशात होता. चेअरमन काका, बँकेतून निवृत्त झालेले, म्हणाले, शिक्का तुझ्याकडे असला तरी ठराव कमिटीचा आहे, रविवारी सभा घे. शनिवारी मी तीन पाळणाघरं पालथी घातली. दोन ठिकाणी एका वर्षाखालचं मूल घेत नव्हते, तिसऱ्या ठिकाणी जागा जूनमध्ये होईल म्हणाले. बायको ऑफिसचे कपडे इस्त्री करत होती, एकेक, सावकाश. ते बघणं बोलणी खाण्याहून वाईट होतं.

रविवारी साडेदहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बायको मुलीला घेऊन मागे खांबाशी उभी. बाई फाईल घेऊन पहिल्या रांगेत. रात्रभर वाचून मी भाषण तयार केलं होतं आणि ते मी केलंच. माझी आजी गिरणीत होती. तिच्या आधीच्या बायका पाळीला जाताना पोराला अफूची बारीक गोळी चाटवून जायच्या, पोर निजून राहावं म्हणून. मग कायदा आला, गिरणीत पाळणाघर झालं आणि माझे वडील त्यात रांगले. वस्तीत अंगणवाड्या आल्या, पण त्या तान्ह्याला टोचणीपुरतं आणि वजनापुरतं बोलावतात, बाकी दिवसभर आई घरीच आहे असं धरून चालतात. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर ती पाळणाघरंही गेली. आता कायदा म्हणतो, पन्नास माणसं असतील तर ऑफिसने पाळणाघराची सोय करावी. बायकोच्या ऑफिसात सेहेचाळीस आहेत. चार माणसांसाठी आपण, सभासदहो, गिरणीच्याही मागे निघालो आहोत.

इथे मी टाळ्यांसाठी थांबलो. एका खुर्चीचा पाय करकरला, तेवढंच.

चेअरमन काकांनी चष्मा पुसला. "सेक्रेटरी, तुझी मुलगी जाते ना तिथे?"

म्हटलं, जाते.

"मग हे तू मुलीचा बाप म्हणून बोललास, की सेक्रेटरी म्हणून?"

मी बसलो. तेवढ्यात बाईंच्या खाली, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी उठल्या. भांडायला उठल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की पोरांविषयी त्यांचं काही म्हणणं नाही, पण मुलगा दहावीला आहे. पाचला क्लासहून येतो, अभ्यासाला बसतो आणि डोक्यावर सात पोरं. त्या वर्षभर गप्प होत्या. नोटीस बघून पहिल्यांदा बरं वाटलं, असंही म्हणाल्या.

दहावी म्हटल्यावर पार्किंगमधलं वारंसुद्धा थांबलं. आमच्यात दहावीच्या मुलाविरुद्ध मत देणारा अजून जन्मायचा आहे. पाच मिनिटांत ठराव झाला: पाळणाघर चालू राहील, पण परीक्षा होईपर्यंत संध्याकाळी पाचपर्यंतच. शिक्क्यासह लेखी.

बाईंनी मान हलवली. मी सुस्कारा सोडून मागे वळलो, तर बायकोचा चेहरा तसाच.

"मी सव्वासातला पोचते," ती म्हणाली. "पाच ते सव्वासात कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ऑफिसला विचारून सांगतो. माझं काम घरूनच असतं. मुलगी झाली तेव्हा त्या ऑफिसने मला केक पाठवला होता, रजा नाही. मी मागितलीही नव्हती, फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. मघाच्या त्या लांबलचक इतिहासात आजी होती, आई होती, बायको होती. मी कुठेच नव्हतो, बोलणारा सोडून.

"विचारू नकोस," ती म्हणाली. "कळव."

कळवलं. तिथेच, खुर्चीवर बसून, घाम पुसत. सकाळी सातला सुरू करेन, पाचनंतर मिळणार नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. रात्री फोनवर एक अंगठा आला. तो होकार होता की नुसती पोच, हे मला आजही माहीत नाही. मी होकार धरला.

सोमवारी सकाळी बायको निघाली. दिवसभर मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. पाचला पाच कमी असताना दुसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंनी मुलगी माझ्याकडे दिली नाही, आधी वही पुढे केली. रोज प्रत्येक मुलाची एक ओळ, अंगणवाडीतली सवय. मी खिशातून पेन काढलं आणि खाली सही करायला वाकलो.

बाईंनी वहीवर हात ठेवला. इतके दिवस मला अहो-जाहो करणाऱ्या बाई म्हणाल्या, "वाचून कर."

मी वाचलं. दूध तीनदा. झोप दीड तास. दुपारी रडली, आईची ओढणी दिल्यावर थांबली. न्यायला येणार: बाबा, रोज.

'रोज' हा शब्द मी दोनदा वाचला आणि मग सही केली.