अंगठ्याचा घास

लेक अडीच वर्षांची झाली तरी तिला बाप ठाऊक नव्हता. तिनं त्यांना पाहिलं होतं, पण तेव्हा ती दीड महिन्याची होती. हे फौजेत. त्यांची सुट्टी दोनदा मंजूर होऊन रद्द झाली. आमच्या वाळवा भागात घरटी एक माणूस फौजेत, तेव्हा त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. मला मात्र धास्ती होती. शेजारणीचा मुलगा सुट्टीवर आलेल्या बापाला ‘मामा’ म्हणाला होता आणि गावभर हसू झालं होतं. माझ्या घरात असलं काही होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

म्हणून तिला हाताचा खेळ लावला. तो सगळ्याच घरी खेळतात. पोरीचा तळहात उघडायचा, त्यावर बोट गोल गोल फिरवून भात कालवायचा आणि एकेका बोटाला घास द्यायचा. आमच्याकडं करंगळी म्हणजे ती स्वतः, शेजारचं बोट मी, मधलं सासूबाई, त्यापुढचं मामंजी आणि अंगठा तिचे आण्णा. आण्णा लांब, म्हणून त्यांचा घास झाकून ठेवायचा. कुणी जेवायचं राहिलं की त्याचं ताट झाकतो, तसाच. मग ती अंगठा आत घेऊन चार बोटं वरून मिटायची आणि मूठ तशीच धरून झोपी जायची. ‘आण्णा कुठायत?’ विचारलं की मूठ उघडून दाखवायची. मी मोठ्या ऐटीत पत्र लिहिलं, पोर तुम्हाला ओळखते.

आणीबाणीच्या आदल्या साली, ऊसतोड चालू असताना, हे दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले. काळी ट्रंक उंबऱ्याशी ठेवली आणि हात पसरून म्हणाले, “ये गं, आण्णाकडं ये.”

ती माझ्या पदराआड गेली. मग मूठ पुढं करून तिनं अंगठा वर काढला. “न्हाई. ह्यो आण्णा.”

शेजारणीच्या मुलानं निदान मामा तरी म्हटलं होतं. माझ्या लेकीनं बापाला चक्क अंगठा दाखवला! सासूबाई पोट धरधरून हसल्या. हेही हसले, पण पसरलेले हात खाली घेताना त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आवं, माझंच चुकलं,” जेवायला वाढताना मी म्हणाले.

“तुझं काय चुकलं? इतकं दिस तिच्यासंगं कोन हुतं? अंगठाच की. पोरीचं खरं हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला उचलायचा हट्ट सोडला. दाराआड बसले आणि चौकटीतून नुसता अंगठा बाहेर काढला. “लय भूक लागलीया. माझा झाकल्याला घास कुठाय?” आतून बारीक आवाज आला. पोर थबकली, जवळ गेली आणि आपल्या तळहातावरचा घास तिनं त्या अंगठ्याला भरवला. तिसऱ्या दिवशी मनगट बाहेर आलं, मग कोपर. एवढा मोठा हवालदार दाराआड उकिडवा बसलेला बघून मामंजी मान फिरवून मिशीत हसायचे. आठवडाभरानं अख्खा माणूस बाहेर आला तेव्हा ती त्याच्या खांद्यावर होती. पुढं सुट्टीभर मी तिला हाक मारून दमले.

सुट्टी संपली. मिरजेच्या स्टेशनात हे गाडीत बसले आणि खिडकीतून अंगठा हलवत राहिले. तीही हसत आपला अंगठा हलवत होती. मला वाटलं, पोरीला काही कळलेलं नाही, बरंच झालं.

घरी आल्यावर तिनं तळहात पुढं केला. मी भात कालवला, चार बोटांना घास दिले आणि सवयीनं म्हणाले, “आता आण्णाचा झाक.”

ती अंगठ्याकडं बघत राहिली. मूठ काही मिटेना.

“ह्यो आण्णा न्हाई,” ती म्हणाली. “आण्णा गाडीतनं गेलं.” आणि तिनं असा हंबरडा फोडला, की सासूबाई चूल सोडून धावत आल्या.

तिनं बापाला ओळखावं म्हणून मी इतकी धडपडले होते. तिनं ओळखलं, आणि आता तिची समजूत घालायला माझ्याजवळ अंगठासुद्धा उरला नव्हता.