मेजरच्या मडमांचं पान

गोदाकाठी आपल्या गेलेल्यांचं करायला हजारो लोक येतात. ज्यांच्यामागे कुणी उरलं नाही, त्यांचंही करणारे पुण्यवान भेटतात. पण जे कधी जन्मालाच आले नाहीत त्यांचं वर्षानुवर्षं मनोभावे करणारा माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा थोरला मामा.

मामांचा मळा मखमलाबादच्या अंगाला. शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि बांधाच्या कडेला घरापुरती मेथी-कोथिंबीर. मामांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, यावर घरातल्या बायकांचे तीन तट आहेत, आणि तिन्ही चूक आहेत. तरुणपणी मळ्याला पाणी द्यायचं तर वीज येण्याची वाट बघत मोटारीच्या खोलीत तासन्‌तास पडून राहावं लागे. तिथे मामांना मेजर निनाद भेटला. मेजर निनाद म्हणजे एके काळी एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर लटकणाऱ्या हेरकथांचा नायक. खिशात मावेल एवढं पुस्तक, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि पिस्तुलाला टेकलेली एक बाई. मेजर प्रत्येक पुस्तकात देश वाचवायचा, प्रत्येक पुस्तकात मनापासून प्रेमात पडायचा, आणि शेवटून दुसऱ्या पानावर ती बाई त्याच्यासाठी आलेली गोळी आपल्या छातीवर झेलायची. नाहीतर कड्यावरून पडायची. नाहीतर विमानासकट जायची.

इतर वाचक पुस्तक मिटून पुढचं मागत. मामांना ते जमेना. ते म्हणत, "मेजर शूर हाय, त्याच्याबद्दल बोलनं नाय. पन मानूस कोडगा. इकडं बाई जिवानिशी गेली, आन् पुढच्या पुस्तकात पयल्या पानावर गडी शीळ वाजवत दाढी करतोय! एका शब्दानं आठवन नाय. मग कुनीतरी ठेवाया पायजे का नको?"

ती मामांनी ठेवली. सर्वपित्री अमावस्येला घरच्या पितरांची पानं वाढून झाली की मामा मेजरच्या बायकांची पानं मांडायला घेत. त्यात पंक्तिप्रपंच नव्हता, पण विचार मात्र बारीक असे. झुबेदाचं पान नसे; तिच्या नावानं टोपलीभर शेवंती दर्ग्यात जाई. सुझानचं चर्चमधल्या मेणबत्तीवर भागलं असतं, पण तिनं चौथ्या प्रकरणात हौसेनं कुंकू लावलं होतं, त्यामुळे ती पंक्तीत. तिला उडदाचे वडे सोसतील का या काळजीनं मामा तिच्या पानावर एक पावही ठेवत, आणि कावळे आधी त्या पावावरच तुटून पडत. "बघा," मामा म्हणत, "मानूस गेलं तरी सवय जात नाय." एकदा त्यांनी रामकुंडावर गुरुजींना सुझानच्या नावानं तर्पण सांगायला सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "आपली कोण?" मामा म्हणाले, "सूनच म्हना. व्हायची होती." गोत्र विचारलं, ते कुठून सांगणार? "गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप," गुरुजी शांतपणे म्हणाले, आणि स्वित्झर्लंडच्या कड्यावरून पडलेली सुझान काश्यप गोत्रात रुजू झाली.

सगळा स्वयंपाक मामांच्या धाकट्या भावजयीचा. ती गवार निवडता निवडता तोंडाचा पट्टा चालू ठेवी. "माझ्या सासऱ्याला एक पान आन् या मडमांना रांगच्या रांग! भाऊजी, खीर तुमच्या मडमांना वेलदोड्याची चालंल का दुसरी करू?" पण पानं वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. एका वर्षी कावळा ओल्गाच्या पानाला शिवेना. मामा हात जोडून उभे राहिले. "मेजरला सांगीन, सिगारेट सोड म्हनून." कावळा ढिम्म. "तुझ्या आईकडं लक्ष देईन." कावळा तसाच. शेवटी भावजय पदर खोचून बाहेर आली आणि ओरडली, "अगं बये, त्यानं दुसरी केली नाय अजून! खा आता!" कावळा झेपावला. ती खोटं बोलली होती. पुढच्याच पुस्तकात त्यानं दुसरी केली होती.

या सगळ्या प्रसंगी मी जावईबापू म्हणून पाटावर बसलेला असे, आणि मान खाली घालून भजी खात असे. सगळे हसत तेव्हा मी हसत नसे, त्यामुळे मामांना वाटे की या घरात आपलं दुःख समजणारा हाच एक. ते मला जवळ बसवून घेत. माझी मान वर होत नसे, कारण ओल्गाला मी मारली होती. सुझानलाही मीच ढकललं होतं.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. विशीत मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होतो. मेजर निनादच्या पुस्तकांवर एक भारदस्त नाव छापलेलं असे. त्या नावाचा माणूस नव्हताच. जो मोकळा सापडेल त्याच्याकडून मालक लिहून घेत. शेवटची काही वर्षं तो मोकळा माणूस मी होतो. मालकांचा नियम एकच : "शेवटच्या पानाच्या आत बाईचा बंदोबस्त झाला पाहिजे. पुढच्या पुस्तकाला हिरो रिकामा लागतो." मी जेवणाच्या सुट्टीत, डब्याशेजारी कागद ठेवून बंदोबस्त करत असे. त्यांची नावं मी दुसऱ्या आठवड्यात विसरत असे. आणि इथे एक माणूस त्यांच्यासाठी पाव आणत होता.

एकीचं पान मात्र मामांनी कधी मांडलं नाही. इरावती. वायरलेसवर काम करणारी, कमी बोलणारी. शेवटच्या पुस्तकात ती धुक्यात होडीतून उडी मारते. मेजर हाका मारतो आणि पुस्तक संपतं. त्यानंतर छापखाना बंद पडला, मेजरही बंद पडला. "पत्ता नाय म्हंजे मेली असं नाय," मामा म्हणत. वर्षानुवर्षं तिच्यापुरता त्यांचा जीव टांगणीला होता.

यंदा मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. सर्वपित्रीला ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, अंगानं अर्धे झालेले. भावजयीनं पानं वाढून आणली. मामांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या मांडीवर एक कोरी पत्रावळ होती.

"जावई, तुमी शिकलेले. शास्तर म्हनतं, बारा वर्सं मानसाचा पत्ता नसला तर त्याचं करून टाकावं. हिची बारा तर कवाच उलटली. माझं काय आता, आज हाय उद्या नाय. माझ्यामागं हिची वाट कुनी बघनार नाय. मग करून टाकू का हिचं?" पत्रावळीची कड चाचपत ते म्हणाले, "मन होत नाय वो. जित्या मानसाचं पान वाढलं तर केवढं पाप."

मी त्यांच्या पायाशी बसलो. म्हटलं, "मामा, ती पुस्तकं मी लिहिलीत. शेवटची सगळी."

मामांनी पत्रावळीवरचा हात काढला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एकेरीत म्हणाले, "सुझानला तू ढकलली?"

"हो."

"का रं?"

"पुढचं पुस्तक सुरू करायचं होतं."

"आन् ओल्गाला? तिची आई आंधळी होती!"

"ते मी विसरलो होतो, मामा."

दारातून भावजय म्हणाली, "बघा बाई! आन् मी इतकी वर्सं याला आग्रह करकरून खीर वाढली!" पण मामा हसले नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. "मग मी परका मानूस का करतोय यांचं? घाल पानी. नाव घेऊन घाल."

मी एकेकीचं नाव घेऊन पानाभोवती पाणी फिरवलं. अडलो तिथे मामांनी नाव सांगितलं. बऱ्याच ठिकाणी अडलो. माझी बायको खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती फक्त म्हणाली, "मामाला बरं वाटलं असेल."

पाणी संपलं तशी मामांनी कोरी पत्रावळ पुढे केली. "आन् हिचं?"

खरं सांगायचं तर इरावतीचं पुढे काय करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं. पानं संपली होती म्हणून तिला पाण्यात टाकलं होतं. पण मामा पत्रावळ पुढे धरून थांबले होते, आणि त्या क्षणी मला ती दिसली. काठाला लागलेली, ओल्या केसांची, चिडलेली.

"हिचं नको, मामा. ही जिवंत आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"कुठं असती?"

मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. गाव सांगितलं, घर सांगितलं, ती सकाळी उठून काय करते ते सांगितलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. मधूनच त्यांनी विचारलं, "एकलीच हाय?" मी म्हटलं, "एकटी आहे, पण मजेत आहे." ते म्हणाले, "असतं. तसंबी असतं."

मग डोळे उघडून त्यांनी काळजीनं विचारलं, "मेजरला ठाव हाय का, ती जित्ती हाय म्हनून?"

"नाही."

"मग नका सांगू, जावई. त्याला कळलं तर पुन्हा घ्याल तिला पुस्तकात. शब्द द्या, कुटं लिवायचं नाय."

मी शब्द दिला. मामांनी कोरी पत्रावळ दुमडून जवळ ठेवली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

हल्ली रविवारी गेलो की ते आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारतात, "काय म्हनती?" मी सांगतो. ती बरी आहे. नाशिकपासून फार लांबही नाही. याहून जास्त मी इथे लिहिणार नाही.