ठाण्यात बेबी, पासपोर्टात वैष्णवी

किस्से कोणी साठवायला बसत नाही. मळणी झाली की खळ्याच्या कडेला कुटार आपोआप जमतं, तसे ते जमतात. आमच्या फाट्यावरच्या नऊ जणींचे तर एवढे जमलेत की वावरात निंदायला बसल्यावर एक निघतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. मला लिहिता येत नाही. मी सांगते, सून लिहून घेते. माझं बोलणं ती सरळ करते, पण माणसांच्या तोंडचं जसंच्या तसं ठेव असं मी तिला बजावलंय.

आज सांगते ते सगळे माझ्या नातीच्या व्हिसाचे. नात म्हणजे माझ्या लेकाची, दिलीपची पोरगी. शाळेत नाव वैष्णवी, घरात बेबी. शेतकी कॉलेज झालं आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजानं तिला मातीचं पुढचं शिकायला बोलावलं. सगळं जमून आलं होतं. अडलं ते फॉर्ममधल्या एका प्रश्नावर. तुम्हाला कधी अटक झाली होती का?

झाली होती. माझ्यासोबतच झाली होती.

*

कामरगावकडून येणारी बस आमच्या फाट्यावर थांबायची नाही. पोरी हात दाखवून थकायच्या आणि बस धूळ उडवून जायची. पायी जाऊन जाऊन दोघींची शाळा सुटली. बेबी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिनं दोनदा अर्ज दिला, काही झालं नाही. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर जाऊन बसलो. आठ बायका आणि नववी बेबी.

दोन तास हललो नाही. शेवटी पोलिसांची गाडी आली. साहेब "उठा" म्हणाले, आम्ही उठलो नाही. मग त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. माझी शेजारीण शांता पायरीवर पाय ठेवून थबकली आणि मागे वळून म्हणाली, "पाह्य ना माय, इतके वर्सं झाले, आपल्यासाठी फाट्यावर थांबलेली ही पयलीच गाडी."

*

ठाण्यातला हवालदार भला माणूस होता. आधी चहा सांगितला, मग वही उघडली. शांताला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आम्ही जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाही. शांतानं माझ्याकडं पाहिलं, तिच्या नवऱ्याचं नाव मी सांगितलं. माझ्या नवऱ्याचं तिनं सांगितलं. असं एकमेकींचे नवरे सांगत सांगत रांग सरकत होती. चौथ्या बाईला हवालदारानं पेन खाली ठेवला.

"बाई, मी अटक कोनाले करून राह्यलो? तुमाले का तुमच्या नवऱ्याईले?"

मग बेबीची पाळी आली. ती तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "बेबी. बेबी दिलीप." शाळेचं नाव ठाण्याच्या वहीत जाऊ द्यायचं नाही, एवढी अक्कल मला शाळेत न जाताही होती. हवालदारानं तसंच लिहून घेतलं. संध्याकाळी आम्हाला घरी सोडलं. दोन वर्षं तारखा झाल्या आणि मग सरकारनं केस मागं घेतली. बेबीचा पासपोर्ट काढताना पोलीस चौकशीला आले, तर वैष्णवीच्या नावावर काहीच निघालं नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

*

फॉर्म भरायच्या दिवशी रिसोडहून बेबीचा मामा आला. त्याची तिथल्या मोंढ्यात धान्याची अडत आहे, आणि त्याला साऱ्या जगाचं माहीत असतं.

"नाही लिव न् मोकळी हो," तो म्हणाला. "पोलिसाच्या कागदावर बेबी हाय. या जिल्ह्यात गल्लीगल्लीत एक बेबी हाय. अमेरिका कोन्या कोन्या बेबीले धुंडन?"

मीही मान हलवली. "मामा बराबर बोलून राह्यला. मी कायच्यासाठी तुयं नाव लपवलं होतं मंग?"

बेबीनं लॅपटॉप मिटला. "आजी, रस्त्यावर बसतानी तुले लाज वाटली होती का?"

"लाज कायची?"

"मंग लिवायले काहून वाटून राह्यली?"

मामा म्हणाला, "पोरी, खरं लिवलं तं व्हिसा भेटन का?"

"मालूम नाही. पन खोटं लिवून भेटला, तं तिथं रोज कोनी दार वाजवलं का मी दचकन."

मी उठून गोठ्यात गेले. म्हशीपुढं कुटार टाकलं, पाणी दाखवलं, शेण भरलं. तेवढ्यात माझं ठरलं. घरात येऊन मी दिलीपला म्हटलं, "उद्या कोर्टात जाऊ. कागद आनू."

मामानं बशीतला चहा संपवला. "म्हंजे मी इतक्या लांबून आलो ते कायले?"

बेबी म्हणाली, "जेवायले."

*

होय लिहायचं म्हणजे सोबत केस मागं घेतल्याच्या हुकमाची नक्कल जोडायची. कोर्टात बाबूनं विचारलं, "केस नंबर?" नव्हता. "तारीख?" कोणालाच सांगता येईना. दिलीप वर्षसुद्धा चुकीचं सांगू लागला.

मी त्याला बाजूला केलं. "मंगळवार होता. संक्रांत होऊन दोन मंगळवार झाले होते. बेबी तवा कॉलेजच्या तिसऱ्या वर्साले होती. न् आमच्या आधी म्हशीची केस चालली होती. दोन भाऊ एकाच म्हशीवर हक्क सांगून राह्यले होते. वकिलानं साहेबाले म्हशीच्या कानाचा फोटो दाखवला. डावा कान. थोडा फाटलेला."

बाबूनं चष्मा कपाळावर चढवला. म्हैस त्यालाही आठवत होती. त्यानं त्या वर्षाचं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेला आणि थांबला. म्हैस सापडली. तिच्या खालच्याच ओळीत आम्ही नऊ जणी होतो.

*

नक्कल हातात आली, पण तिच्यात नाव बेबी. पासपोर्टात वैष्णवी. ज्या नावामागं मी पोरीला लपवलं होतं, त्याच नावानं तिला अडवलं. आता कागदावरची बेबी ती हीच, हे पटवून द्यायला आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो. हवालदार तोच होता, मिशा मात्र पांढऱ्या झालेल्या. त्यानं सगळं ऐकलं आणि बेबीकडं पाहतच राहिला.

"पोरी, इथं लोकं नाव काढायले येतात. तू घालायले आली?"

"हो काका."

त्यानं खुर्ची पुढं ओढली. "बस मंग. चहा घेतं?"

त्यानं सांगितलं की आधी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणा. वकील तरुण होता, नीट समजावून सांगणारा. म्हणाला, "आजी, नाव तुम्ही सांगितलं असं यात लिहावं लागेल. शाळेचं नाव मुद्दाम सांगितलं नाही, हेही. उद्या कोणी हे धरून बसलं तर तुमच्यावरच नवी केस होऊ शकते."

बेबीनं माझा हात धरला. "नको आजी. राहू दे. जात नाही मी."

माझ्या अंगठ्याला शाई लागलेली होती. मी हात सोडवून घेतला आणि कागदावर अंगठा टेकवला.

"होऊ द्या केस," मी वकिलाला म्हटलं. "मले कुठं व्हिसा काढायचा हाय?"

*

ठाण्यातून दाखला मिळाल्यावर मुंबईला दिलीप तिला घेऊन गेला. तो बाहेर फूटपाथवर, ती आत अमेरिकेच्या कचेरीत काचेपुढं. गोऱ्या साहेबानं कागद वाचले आणि विचारलं, रस्त्यावर का बसली होतीस? तिनं सांगितलं. साहेबानं विचारलं, मग आता थांबते का बस?

बेबी म्हणाली, "कधी थांबते, कधी नाही."

बाहेर आल्यावर दिलीपनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अशा टायमाले थांबते म्हनाव ना, बाई!"

"बाबा, आजीनं खऱ्यासाठी अंगठा देला. अन् मी बससाठी खोटं बोलू?"

साहेबानं तिला एक चिठ्ठी दिली होती. अजून तपास करायचा आहे, वाट पाहा. आम्ही पाच आठवडे वाट पाहिली. बेबीनं त्या दिवसांत पूर्ण वावरातून जागोजागची माती तपासायला काढून पुड्या बांधल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा बांधल्या. कॉलेज सुरू व्हायला नऊ दिवस उरले तेव्हा पासपोर्ट घरी आला. आत व्हिसा होता.

शांतानं तो हातात घेऊन एकेक पान पाहिलं. "यात ते म्हशीचं कुठं लिवलं हाय वं?"

*

जायच्या दिवशी दिलीप म्हणाला, मूर्तिजापूरच्या स्टेशनपर्यंत जीप सांगतो. बेबी ऐकेना. या फाट्यावरून जाईन तर बसनंच जाईन. आम्ही सगळ्या पोचवायला आलो. दोन मोठ्या बॅगा, लोणच्याची बरणी, आणि पासपोर्ट तिच्या छातीशी.

लांब वळणावर बस दिसली. दिलीपनं हात दाखवला. बसचा वेग काही कमी होईना.

शांतानं माझ्याकडं पाहिलं. मी पदर खोचला. बेबीला म्हटलं, "तू त्या कडुलिंबाखाली उभी राह्य. तोंड तिकडं कर. तुया आमचा काई संबंध नाही." आणि आम्ही आठ जणी रस्त्यावर जाऊन बसलो, मागच्यासारख्याच. माझ्या अन् शांताच्या मधात बेबीची जागा होती. सवयीनं ती तशीच सुटली.

ड्रायव्हर हॉर्न दाबत येत होता. आम्ही समोर पाहत होतो. मग माझ्या उजव्या अंगाला कोणीतरी टेकलं.

"उठ," मी म्हटलं. "व्हिसा जाईन ना तुया."

समोर बसचे ब्रेक लागले, धूळ आमच्या अंगावरून गेली. बेबीनं मांडीवरचा पासपोर्ट ओढणीनं झाकला.

"आजी, या बारीनं नाव मी सांगन."